नोकरभरतीतली ‘क्रेडिट चेक’ सेवा: कुणी घ्यावी, कशी वापरावी

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे रोजच्या भाषेत बीजीव्ही, करून देणाऱ्या कुठल्याही एजन्सीचं रेट कार्ड उघडा. पत्ता, शिक्षण, मागची नोकरी, कोर्ट रेकॉर्ड या ओळींच्या खाली एक ओळ बहुतेक वेळा असतेच: ‘क्रेडिट चेक’, म्हणजे उमेदवाराने घेतलेली कर्जं आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदी बघणं, किंवा जरा भारदस्त नावाने ‘फायनान्शिअल इंटिग्रिटी चेक’. बाकीच्या ओळींत पैशाच्या बदल्यात काय मिळणार हे लगेच कळतं. या ओळीत नेमकं काय मिळणार, हे विचारलं की सेल्सवाल्याचं उत्तर मोघम होतं. म्हणून या सेवेचं परीक्षण करायचं ठरवलं की आधी तिचं वेष्टण काढावं लागतं.

निकाल आधीच सांगतो. रोकड हाताळणं, कर्ज मंजूर करणं, पेमेंट रिलीज करणं, खात्यांवर सही असणं अशा मोजक्या पदांसाठी, ऑफर दिल्यानंतर, उमेदवाराने स्वतः काढून आणलेल्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे या नोंदींच्या अहवालावर, केलेली तपासणी कामाची आहे. ‘सगळ्या नव्या भरतीला लावून टाका’ म्हणून घेतली तर पैसे वाया, चांगली माणसं हातची जातात आणि कायद्याचं लचांड मागे लागतं ते वेगळंच.

एका नावाखाली तीन वेगळे माल

पहिला माल म्हणजे नुसता नावाचा शोध. सिबिल या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीच्या ‘सूट फाइल्ड’ यादीत बँकांनी ज्यांच्यावर दावे लावले आहेत अशी १ कोटी रुपये आणि त्यावरची खाती असतात, आणि २५ लाख आणि त्यावरचे विलफुल डिफॉल्टर, म्हणजे ऐपत असून कर्ज बुडवणारे, असतात. ही यादी कुणालाही फुकट बघता येते. एजन्सी तिथे उमेदवाराचं नाव टाकते, काही सापडत नाही, आणि तुमच्या रिपोर्टवर हिरवा शिक्का येतो. सीएफओ किंवा संचालक घेताना हा शोध जरूर करावा. अडीच-तीन लाख पगाराच्या अकाउंट्स असिस्टंटचं नाव त्या यादीत शोधण्यात काय हशील? त्याला आयुष्यात कुणी कोटीभर कर्ज दिलेलंच नसतं. शिवाय यादीत नाव आणि पत्ता एवढ्यावरच जुळवाजुळव होते. संतोष पाटील किंवा सुनील जाधव नावाचा उमेदवार असेल तर लाल शेरा दुसऱ्याच माणसाचा निघण्याची शक्यता भरपूर.

दुसरा माल म्हणजे उमेदवाराच्या संमतीने काढलेला खरा रिपोर्ट. एजन्सी त्याला लिंक पाठवते, तो पॅन आणि मोबाइल टाकतो, ओटीपी देतो आणि रिपोर्ट उघडतो. खरा उपयोग असला तर याच प्रकाराचा. पण ओटीपी दिल्यावर रिपोर्ट उमेदवाराच्या खात्यात येतो, एजन्सीच्या सर्व्हरवर जातो की दोन्हीकडे, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. बहुतेक करारांत त्यावर अवाक्षर नसतं.

तिसरा माल घेऊच नये. एखाद्या कर्जदात्या कंपनीच्या क्रेडिट कंपनीकडच्या सदस्यत्वावरून गुपचूप रिपोर्ट ओढायचा आणि एचआरला द्यायचा. असं झालं की उमेदवाराच्या रिपोर्टमधल्या ‘एन्क्वायरी’ या भागात एक नोंद पडते: सदस्याचं नाव, तारीख, उद्देश, रक्कम. मागितलं काहीच नसताना अनोळखी एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या कर्ज कंपनीच्या) नावावर ‘पर्सनल लोन’ची चौकशी दिसते, आणि अशा चौकशा वाढल्या की स्कोअरही घसरतो. पूर्वी हे लपून जायचं. आता रिपोर्ट कुणी बघितला की एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कंपन्यांवर टाकली आहे. त्यामुळे मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी उमेदवाराच्या मोबाइलवर मेसेज वाजतो आणि तो थेट तुम्हालाच विचारतो.

कायदा कुठे आडवा येतो

क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांचा कायदा २००५ चा. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्याकडची माहिती कोण बघू शकतं हे कायदा आणि रिझर्व्ह बँकेचे विनियम ठरवतात. बँका, एनबीएफसी, गृहकर्ज कंपन्या, त्यांच्या जोडीला विमा कंपन्या, मोबाइल कंपन्या, रेटिंग एजन्सी, सेबीकडे नोंदलेले ब्रोकर वगैरे. बँकांसाठी माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपन्यांना २०२१ च्या दुरुस्तीने वाट मिळाली, तीही बँकांच्या कामापुरती. ‘नोकरी देणारा’ असा रकाना या यादीत नाही.

या कायद्याचं कलम २२ एचआरच्या टेबलावर चिकटवून ठेवावं असं आहे. अधिकार नसताना माहिती मिळवली तर दर गुन्ह्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि ते चालूच राहिलं तर दिवसाला १० हजारांपर्यंत. त्याच कलमाचं शेपूट जास्त महत्त्वाचं आहे: अशा रीतीने मिळवलेली माहिती कुठल्याही कामासाठी विचारात घेता येणार नाही. म्हणजे तिसरा माल विकत घेऊन तुम्ही उमेदवार नाकारलात, तर ज्या कागदावर तुमचा निर्णय उभा आहे तो कागदच कायद्याच्या लेखी नाही.

उमेदवाराने स्वतःचा रिपोर्ट स्वतः आणून दिला तर ही अडचण टळते, पण माहिती सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी आर्थिक माहितीला संवेदनशील ठरवलं आहे. लेखी संमती, ठरावीक उद्देश आणि गरजेपेक्षा जास्त काळ न ठेवणं हे तेव्हापासूनचं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा याच्या पुढे जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यात संमती मोकळी, नेमकी आणि बिनशर्त हवी. माहितीची सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे, म्हणजे उमेदवाराने मागितली तर मराठीत. आपल्याकडच्या किती एजन्सींचा संमतीचा फॉर्म मराठीत मिळतो? विचारून बघा.

याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे, आणि काही सल्लागार तिच्यावर हवाला ठेवून ‘संमतीची गरजच नाही’ म्हणतात. त्या मुभेची भाषा कर्मचाऱ्याभोवती फिरते. अजून कामावर न आलेल्या उमेदवारापर्यंत ती ताणू नये हे बरं. आणि क्रेडिट कंपनीकडून माहिती काढण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही, तो २००५ च्या कायद्याचाच प्रांत आहे.

स्कोअर बघणं सोडा

या सेवेतली सर्वांत निरुपयोगी गोष्ट कुठली, तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेला तीन आकडी स्कोअर. एजन्सी त्यावरच हिरवा, पिवळा, लाल ठरवते: ७५० च्या वर हिरवा, ६५० च्या खाली लाल, असलं काहीतरी. ३०० ते ९०० मधला हा आकडा एकच प्रश्न सोडवायला बनवलेला आहे: या माणसाला नवीन कर्ज दिलं तर हप्ते थकतील का? कार्डाची मर्यादा किती वापरली, खाती किती जुनी, अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं यावर तो हलतो. चोवीस वर्षांच्या मुलीकडे एकच कार्ड, मर्यादा ३० हजार, दर महिन्याला २७ हजार खर्च आणि पूर्ण बिल वेळेवर भरलेलं. तिचा स्कोअर मार खातो. ती अफरातफर करेल का, याच्याशी त्या आकड्याचा सुतराम संबंध नाही.

चार कंपन्यांचे चार आकडेही जुळत नाहीत. २०१५ पासून प्रत्येक कर्जदात्या संस्थेला चौघींचं सदस्य व्हावं लागलं, त्यामुळे माहिती सगळीकडे जाते, पण प्रत्येकीचं गणित वेगळं आणि माहिती चढवण्याचा दिवसही वेगळा. ‘आमच्याकडे किमान ७०० लागतो’ म्हणणाऱ्या एचआरला ‘कुठल्या कंपनीचा?’ एवढंच विचारावं.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही त्यांच्या रिपोर्टवर स्कोअरच्या जागी ‘एनएच’ किंवा उणे १ येतं. ‘नो हिस्टरी’ एवढाच त्याचा अर्थ. हा शेरा बघून लाल बावटा दाखवणारे महाभाग आहेत. जानेवारी २०२५ च्या निर्देशांत खुद्द रिझर्व्ह बँकेनेच कर्जदात्यांना सांगितलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नका. कर्ज देणाऱ्याला जे चालत नाही ते नोकरी देणाऱ्याला कशाच्या जोरावर चालावं?

आतली पानं कशी वाचायची

पहिल्या पानावर रिपोर्टची तारीख आणि कंट्रोल नंबर असतो. तारीख ३० दिवसांच्या आतली हवी. मग नाव, जन्मतारीख, पॅन. इथेच बरीच गडबड सापडते: दुसऱ्याचं कर्ज याच्या रिपोर्टमध्ये शिरलेलं, नाहीतर कुणीतरी याच्या पॅनवर ॲपमधून उचललेलं कर्ज. पत्त्यांत ओळखीचा नसलेला पत्ता दिसला तर आधी तो विचारा, थकबाकी नंतर.

प्रत्येक कर्जखात्याला ‘ओनरशिप’ असा रकाना असतो. तो न वाचता पुढे जाणं ही नवख्या तपासनीसाची हमखास चूक. ‘गॅरंटर’ लिहिलं असेल तर कर्ज चुलतभावाचं आहे आणि हा फक्त जामीनदार. गावाकडे जामिनाला नाही म्हणणं किती अवघड असतं हे इथे कुणाला सांगायला नको. भावाने ट्रॅक्टरचा हप्ता चुकवला की डाग जामीनदाराच्या रिपोर्टवरही दिसतो. कायद्याने तो जबाबदार आहेच, पण त्यावरून त्याच्या सचोटीचं माप काढायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग येते हप्त्यांची पट्टी. महिन्याच्या खाली तीन आकडे, असे जास्तीत जास्त ३६ महिने. ‘०००’ म्हणजे वेळेवर. ‘०३०’ म्हणजे त्या महिन्याच्या नोंदीच्या दिवशी हप्ता ३० दिवस मागे. ‘एसटीडी’ म्हणजे ९० दिवसांच्या आत, ‘एसयूबी’ (सबस्टँडर्ड), ‘डीबीटी’ (डाउटफुल), ‘एलएसएस’ (लॉस) ही त्यापुढची उतरंड. आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही. हे तीन एक्स बघून ‘सतत डिफॉल्ट’ असा शेरा मारणारे रिपोर्ट बाजारात फिरतात. एजन्सीचा नमुना रिपोर्ट मागवा आणि त्यात या खुणेचा अर्थ काय लावलाय ते बघा. माल पारखायला एवढी एक चाचणी पुरते.

दिवस आणि रक्कम नेहमी एकत्र वाचावी. दिवसांच्या रकान्यात ‘९००’ आणि थकबाकी ५९० रुपये असेल तर ते वापरात नसलेल्या कार्डाची वार्षिक फी आणि तिच्यावरचं भांडण असण्याची शक्यता जास्त. याउलट गेल्या सहा महिन्यांत पाच ॲपची कर्जं, सगळी ३० ते ६० दिवस थकलेली, एक फेडायला दुसरं घेतलेलं: स्कोअर अजून ७०० च्या आसपास असला तरी कॅशियरच्या जागेसाठी बोलून घेण्याजोगं काही असेल तर ते हे.

‘सेटल्ड’ म्हणजे बँकेने कमी रकमेवर तडजोड केली. ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने आपल्या वहीत कर्ज निर्लेखित केलं, माफ नाही केलं. पीककर्जाचं मात्र सगळंच निराळं असतं. तिथे महिन्याचा हप्ता नसतो आणि थकीत ठरवण्याचा हिशोब हंगामावर चालतो. अल्पमुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घमुदतीच्या पिकाला एक. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत किंवा २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत कर्ज माफ झालं, पण बँकेने नोंद सुधारलीच नाही, तर वडिलांबरोबर सहकर्जदार असलेल्या मुलाचा रिपोर्ट अजूनही थकीत दिसू शकतो. अशा वेळी बँकेचा बेबाकी दाखला मागा, विषय तिथेच मिटतो.

रिपोर्टमध्ये जे दिसत नाही त्याचीही नोंद घ्यायला हवी. पतसंस्थेचं कर्ज बहुधा दिसत नाही. भिशी दिसत नाही, सावकाराचं देणं दिसत नाही, पाहुण्यांकडून घेतलेले चार लाख दिसत नाहीत, शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये बुडालेली रक्कम दिसत नाही. गल्ल्यात हात घालायला लावणारी निकड बऱ्याचदा याच देण्यांतून येते. त्यामुळे कोरा रिपोर्ट म्हणजे निर्धोक माणूस असं ज्याला वाटतं त्याने ही सेवा घेऊच नये. तिच्या भरवशावर तो रोजची रोकड मोजणी आणि दोन सह्यांचा नियम ढिला करेल.

बँकांच्या भरतीत

बँकेत भरती व्हायचं असेल तर सगळं गणित बदलतं, कारण तिथे ही अट जाहिरातीतच छापलेली असते. सरकारी बँकांची सामायिक परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या लिपिक भरतीत उमेदवाराने रुजू होताना चांगला क्रेडिट इतिहास राखावा आणि किमान स्कोअर त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे, अशी अट आली. स्टेट बँकेच्या जाहिरातींत थकबाकीदार उमेदवार नेमणुकीला अपात्र, असं कलम आहे. पुढच्या जाहिरातींत त्यात एक चांगली खिडकी उघडली: ऑफर लेटर निघण्याआधी थकबाकी भरली असेल आणि फक्त सिबिलवरची नोंद सुधारायची राहिली असेल, तर कर्जदात्याचं ना-देय पत्र चालतं.

मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिलेला निकाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा. स्टेट बँकेत सर्कल बेस्ड ऑफिसर म्हणून निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक सिबिलच्या प्रतिकूल नोंदीवरून २०२१ मध्ये रद्द झाली. जाहिरात निघाली तेव्हा माझं काहीच देणं शिल्लक नव्हतं, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. अट परतफेडीच्या नोंदीबद्दल होती, नुसत्या शिल्लक थकबाकीबद्दल नव्हती, ती अट माहीत असून त्याने अर्ज केला होता, आणि लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडून बँकेने आर्थिक शिस्तीची अपेक्षा ठेवणं वावगं नाही.

या निकालाचा आधार घेऊन सॉफ्टवेअर कंपनीने टेस्टरचा रिपोर्ट मागावा, हे मात्र ओढूनताणून आहे. बँकेकडे तीन गोष्टी होत्या: जाहिरातीत छापलेली स्पष्ट अट, अटीशी जुळणारं पद, आणि माहिती बघण्याचा कायद्याने असलेला दर्जा. खासगी मालकाकडे बहुतेक वेळा यातली एकही नसते. बँकांच्या अटीवरही आमचा एक आक्षेप आहेच. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम आणि त्यावर साधारण एक वर्ष इतकी सवलत असते. त्या वर्षात नोकरी लागली नाही की हप्ता थकतो. हप्ता थकला म्हणून नोकरी नाकारायची, आणि नोकरी नाही म्हणून हप्ता थकत राहायचा. ना-देय पत्राची खिडकी या पोराला उपयोगाची नाही, कारण त्याच्याकडे एकरकमी भरायला पैसेच नाहीत. निदान शैक्षणिक कर्जाची थकबाकी वेगळी काढून पगारातून हप्ता कापण्याची हमी घ्यावी, एवढी सोय बँकांना सहज करता येईल.

आमच्या मते चालवायची पद्धत

आधी पदांची यादी करा आणि प्रत्येकापुढे अधिकार लिहा: पेटी कॅश ५० हजारांपर्यंत, व्हेंडर पेमेंट १० लाखांपर्यंत, बँक खात्यावर सही. ज्या पदापुढे काही लिहिता येत नाही ते यादीतून बाद. जाहिरातीत अट सांगा. रिपोर्ट ऑफरच्या आधी मागू नका, कारण एकदा आकडा नजरेस पडला की मुलाखत घेणारा त्याच चष्म्यातून माणूस बघतो.

ऑफर दिल्यावर उमेदवाराला सात दिवस द्या. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, हे २०१७ पासून आहे. संकेतस्थळावर मधेच पैसे भरायच्या योजना पुढे येतात, त्या घेण्याची गरज नाही हे त्याला सांगून ठेवा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, हेही सांगा, कारण ती भीती अनेकांना असते. खातेक्रमांकांवर त्याने काट मारली तरी चालेल. पीडीएफमध्ये फेरफार झाल्याची शंका असेल तर त्याने व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून लॉगिन करावं आणि तुम्ही कंट्रोल नंबर जुळवून बघावा. पासवर्ड आणि ओटीपी मागायचा नाही.

रिपोर्ट वाचणारा माणूस एकच ठेवा, शक्यतो वित्त विभागातला, आणि तो त्या उमेदवाराचा होणारा साहेब नसावा. त्याने चार ओळींचा शेरा लिहायचा: दावा किंवा विलफुल डिफॉल्ट आहे का, गेल्या १२ महिन्यांत मोठी थकबाकी वाढतेय का, पदाशी त्याचा काय संबंध, उमेदवाराला काय विचारायचं. स्कोअर या शेऱ्यात लिहायचाच नाही. आजारपण, नोकरी जाणं, घटस्फोट ही कारणं आली तर कागद बघा आणि पुढे चला. घरातल्या माणसाच्या आयसीयूच्या बिलाने थकलेलं कार्ड आणि हौसेने थकलेलं कार्ड पट्टीवर सारखंच दिसतं.

प्रतिकूल काही सापडलं तर थेट नकार पाठवू नका. नेमकी कुठली नोंद अडते हे लेखी कळवा आणि निदान दहा कामाचे दिवस द्या. नोंद चुकीची आहे असं तो म्हणाला तर गणित लक्षात घ्या. तक्रार मिटवायला एकूण ३० दिवस मिळतात, त्यातले २१ कर्जदात्याचे. मुदत उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाई उमेदवाराला मिळते, ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, क्रेडिट कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. थकबाकी खरीच होती आणि आता भरली, तर नोंद दुसऱ्या दिवशी दिसत नाही. जानेवारी २०२५ च्या निर्देशांत ती निदान पंधरवड्यातून एकदा पुढे पाठवायची होती. त्या हिशोबाने ३ तारखेला कर्ज फिटलं तर १५ तारखेच्या माहितीत ते येणार, ती पाठवायला बँकेला सात दिवस, चढवायला क्रेडिट कंपनीला पाच. म्हणजे २७ तारीख उजाडू शकायची. तोवर ना-देय पत्र आणि पैसे भरल्याची पावती पुरेशी माना, जॉइनिंग अडवू नका.

परदेशी फॉर्मची भानगड

पुण्यात आणि मुंबईत अमेरिकन कंपन्यांची केंद्रं भरपूर. त्यांचा संमतीचा फॉर्म कधीकधी जसाच्या तसा तिकडून येतो आणि त्यात अमेरिकेच्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टचा हवाला असतो. तो कायदा इथल्या उमेदवाराच्या सिबिल रिपोर्टला लागू नाही. त्याच्याखाली सही घेऊन २००५ च्या आपल्या कायद्याची पूर्तता होत नाही. मात्र त्यातली पद्धत उचलण्यासारखी आहे: वेगळ्या कागदावर सूचना, लेखी परवानगी, नकाराच्या आधी रिपोर्टची प्रत आणि हक्कांचा सारांश, मग थोडं थांबून अंतिम पत्र. तिथे नोकरीसाठी जाणाऱ्या रिपोर्टमध्ये स्कोअर नसतोच. न्यूयॉर्क शहराने २०१५ पासून बहुतेक नोकऱ्यांत ही तपासणीच बंद केली, कॅलिफोर्नियात ती ठरावीक पदांपुरतीच आहे. तिकडे नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं, प्रतीची मागणी करायला लाजू नये.

एजन्सीला विचारायचे प्रश्न

करार करताना एजन्सीकडून चार गोष्टी लेखी घ्या. माहिती कुठल्या क्रेडिट कंपनीकडून, कुणाच्या अधिकाराने आणि कुठल्या प्रकारच्या चौकशीने येते. पूर्ण रिपोर्ट त्यांच्याकडे किती दिवस राहतो. लाल शेरा कुठल्या नियमाने पडतो, आणि तो माणूस बघतो की यंत्र. उमेदवाराने हरकत घेतली तर फेरतपासणीचे पैसे कुणी द्यायचे. पहिल्या प्रश्नावर ‘आमचं टाय-अप आहे’ एवढंच उत्तर आलं तर ती ओळ रेट कार्डातून काढायला सांगा, बाकीची सेवा घ्या.

गुण द्यायचे तर: सार्वजनिक यादीतला शोध, वरिष्ठ पदांसाठी पाचपैकी चार, बाकीच्यांसाठी शून्य. उमेदवाराच्या हातून आलेला रिपोर्ट, पैशाच्या पदांसाठी साडेतीन. अर्धा गुण सावकारी आणि भिशी दिसत नाही म्हणून कापला, एक पूर्ण गुण एजन्सींच्या रंगीत शेऱ्यांमुळे गेला. स्कोअरवर आधारलेलं सरसकट पॅकेज, एकसुद्धा गुण नाही.

निवड झालेल्या उमेदवाराच्या फायलीत फक्त चार ओळींचा शेरा राहू द्या, पीडीएफ काढून टाका. नाकारलेल्याची कागदपत्रं, हरकतीची मुदत संपली की, तुमच्या मेलबॉक्समधून आणि एजन्सीच्या पोर्टलवरूनही पुसायला सांगा आणि पुसल्याचं पत्र घ्या. एचआरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉरवर्ड झालेली प्रत या यादीत कुणी धरत नाही, ती आधी शोधा.